ते पुस्तक टेबलावरच राहील

हूवेई, तैवान,
१२ मार्च २०१६

प्रिय आ-खुन दादा,

नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल. आईची बरी आहे. गुडघा धरतो, तरी मुळ्याचं लोणचं उन्हात घालायला गच्चीवर जातेच. "पडशील" म्हटलं की म्हणते, "पडले तर उचलायला तू आहेस की." साखर कारखान्याचं गाळप संपत आलंय. गावभर मळीचा वास आहे; तुला आवडायचा तो.

हे पत्र पि-यिंग वहिनींच्या हाती देतेय. पोस्टाने कुनशानला पाठवलं तर चीनमध्ये ते तुझ्याआधी आणखी कुणीतरी वाचेल. आणि फोनवर तू "बघू, बघू" म्हणून ठेवून देतोस.

वहिनी मंगळवारी दुकानात आल्या होत्या. सोबत तुझा निरोप होता, माझ्या त्या टेबलाबद्दलचा. दाराशीच आहे ते, तुला ठाऊक आहे. शाळेतले नवे मास्तर, परदेशातून सुट्टीला आलेली मुलं, कुणीही येतं आणि विचारतं, "आपला इतिहास वाचायचाय, कुठून सुरुवात करू?" मी त्या टेबलाकडे बोट दाखवते. ऊस उत्पादकांच्या लढ्यावरचं पुस्तक, डोंगरातल्या शाळेच्या पायवान आदिवासी मास्तरांनी लिहिलेलं, चीनमधून पराभूत फौजेबरोबर आलेल्या म्हाताऱ्या सैनिकांवरचं. प्रत्येकाला माझ्या हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली. कोणतं आधी वाचावं आणि का, ते त्यावर असतं. दुकान चालतं ते खरं तर शाळेच्या वह्या-पेन्सिलींवर, पण दुकान म्हणजे ते टेबल.

"तिकडच्या कुणा चिनी साहेबाने त्या टेबलाचा फोटो पाहिलाय म्हणे," वहिनी म्हणाल्या. "आपलं पोट तिकडे आहे गं, लुआन. एखादं पुस्तक आत ठेवलंस तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"एखादं म्हणजे कुठलं?"

"ते केशरी. बायकांचं."

"सत्तेचाळीस सालच्या कत्तलीवरचं राहू दे?"

"त्याचं काही बोलले नाहीत ते."

"आणि हे जाडजूड, स्वतंत्र तैवानवाल्यांचं?"

"नाही गं बाई. फक्त केशरी." मग त्यांनाच नवल वाटलं. "असं का गं?"

"तुमच्या नवऱ्यालाच विचारा," मी म्हटलं आणि त्यांच्यापुढे शेंगदाण्याच्या वड्या ठेवल्या.

वहिनींना मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण दादा, तो साहेब बिहेब मला सांगू नकोस. साहेबाला राग यावा अशी डझनभर पुस्तकं तिथे आहेत, आणि केशरी पुस्तकात राजकारणाचा एक शब्द नाही. ज्यांचे नवरे पकडून नेले त्या बायका त्यात बोलतात, तेही काय शिजवलं आणि तुरुंगाच्या फाटकाशी कशा उभ्या राहिलो एवढंच. तू ते वाचलंयस. आईचं प्रकरण वाचलंयस.

नाव बदलू का, असं संपादकबाईंनी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "जन्मभर झाकलं. आता काय थडग्यात घेऊन जाऊ?" म्हणून लिआओ युए-शिआ हे नाव जसंच्या तसं छापलंय.

थांग काकांचं तिने सगळं सांगितलंय. बाबा पहिल्यांदा सुटून आले, कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर लागले, आणि चौकीवरचा हा पोलीस ऐन जेवायच्या वेळी येऊन बसायला लागला. घरातल्या माणसांची नोंदवही तपासायला म्हणून. आईने त्याच्यापुढे वाटी ठेवायची, बाबांनी हसायचं. तो तुझ्यासाठी दुधाच्या गोळ्या आणायचा. तुला सायकल त्यानेच शिकवली. बाबा तुरुंगात असताना तू मोठा झालास. तुला बाबांपेक्षा तोच जास्त ओळखीचा होता. एकदा त्याने विचारलं, घरात सगळ्यात जास्त कोण वाचतं? आणि तू फुशारकीने सांगितलंस, "माझे बाबा! डुकरांच्या खोपटामागे बसून. जपानीसुद्धा!"

आईने तुझं नाव घेतलेलं नाही. 'घरातल्या लहानाने सांगितलं,' एवढंच आहे. पण तेव्हा घरात लहान एकच होतं. मी आईच्या पोटात होते. गावाला हिशेब येतो.

बंदी असलेली पुस्तकं वाचतात म्हणून बाबांना पुन्हा नेलं. ते आले तेव्हा मी चालत होते, बोलत होते. तू मात्र बोलायचा थांबला होतास. "पोराला कान असावेत, तोंड नसावं," असं सगळ्याच घरांत म्हणायचे, आपल्या घरात ते दुसरं कुणी म्हणायच्या आधी तूच म्हणायचास. लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांना सांगितलंस, वडील बोटीवर होते. पुढे कारखाना काढलास तो समुद्रापलीकडे. मला वाटायचं, पैशासाठी.

मी रागात होते, म्हणून तुझा निरोप लगेच आईला सांगितला नाही. परवा सांगितला. ती मुळा चिरत होती.

"का काढायचं?" तिने विचारलं.

"दादाला लाज वाटते."

सुरी थांबली. "लाज त्याला का? गोळ्या त्याने वाटल्या होत्या?"

मी चिरलेला मुळा परातीत ओढला.

"पोराला काका म्हणायला लावायचं आणि त्याच्या तोंडून बापाची बातमी काढायची. हे लोकांना कळावं म्हणून तर मी त्या बाईपुढे तीन दुपारी बोलत बसले. तू पुस्तक लपवलंस, तर गावाला वाटेल माझ्या लेकाने खरंच काही केलं होतं." मग पुन्हा चिरायला लागली. "त्याला सांग, मी नाही काढू देणार. आणि तू काढलंस तर तुलाही घरात घेणार नाही."

तेव्हा ऐक. पुस्तक टेबलावरच राहील. काल ते मी सगळ्यांच्या वर ठेवलं आणि आणखी प्रती मागवल्या. साहेब बोलणार असेल तर बोलू दे. वहिनी घाबरतात, त्यांना घाबरू दे. तुझ्या धंद्याचं काही झालं तर मला वाईट वाटेल, तरी मी ते काढणार नाही. या गावात लोकांनी फार वर्षं पुस्तकं खोपटामागे वाचली.

एप्रिलमध्ये पूर्वजांची थडगी झाडायला तू येशीलच. झाडून झालं की त्या दुपारी आई दुकानात बसून तिची पानं मोठ्याने वाचणार आहे, आपल्या भाषेत. ऐकायला मुलं पाठवणाऱ्या शाळेने प्रमाण चिनी भाषेत वाचा म्हटलं, तर म्हणाली, "मग तुम्हीच वाचा." तू ये असं मी म्हणत नाही. आलास तर मागे उभा राहू नकोस, एवढंच.

तिकडे कुणी विचारलं तर सांग, बहीण ऐकत नाही. ते खरंच आहे, आणि त्यात तुझा काही दोष नाही.

दोष तेव्हाही नव्हता.

तुझीच,
आई पोटात घेऊन फिरत होती तेव्हापासूनची हट्टी
आ-लुआन