चौथी खुर्ची

६ नोव्हेंबर

चि. खारूस,
अ. उ. आ. वि. वि.

तुमच्या त्या यंत्रांच्या प्रदर्शनवाल्यांना मी पत्र लिहिलं होतं, हे तुला कुणीतरी कळवलंच असेल. आता त्यांचं उत्तर आलंय. स्टेजवर चार खुर्च्या असतात म्हणे. तिघं यंत्र बनवणारे आणि चौथी खुर्ची यंत्र वापरणाऱ्याची. ती त्यांनी मला देऊ केली आहे, आणि मी ती घेतली आहे. तिघांमध्ये तू आहेस हे वाचून मला बरंच वाटलं. निदान एक तरी ओळखीचं माणूस समोर असेल ओरडायला.

तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मुली हाताखाली घेतल्या. पहिल्याच दिवशी त्यांना सांगायचे, कॉल आला की उचलायचा; पलीकडे कोण आहे, का आहे, हे नंतर. ताईच्या गळ्यात तुम्ही लॉकेट घातलंत. ते दाबलं की टेबलावरची पेटी तुमच्या कंपनीत फोन लावणार, असं ती बनवणाऱ्या त्या पेटीवाल्याने मला दोनदा समजावून सांगितलं, बूट घालून घरात उभं राहून. सप्टेंबरातल्या त्या सोमवारी माझी बहीण खुबा मोडून न्हाणीघराच्या दारात पडली आणि सहा तास लॉकेट दाबत राहिली. कुणीही उचललं नाही. हे मी स्टेजवर बोलणार आहे.

फोन करू नकोस, मी घेणार नाही. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून माझे कान विटले आहेत. लिहायचं असेल ते लिही.

ताईला वॉकरशिवाय चार पावलं टाकता येतात का? तुझ्या घरात तिला ऊन मिळतं ना?

लोभ असावा.

तुझी,
मावशी

१२ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू येणार म्हणून आई खूश आहे. चार नाही, सात पावलं टाकते. ऊन दुपारी दोनपर्यंत असतं, ती खुर्ची त्याच्या मागे सरकवत बसते.

मी तुला येऊ नकोस म्हणणार नाही. म्हटलं तर तू आदल्या दिवशीच येऊन बसशील. फक्त एक ऐक. आमची कंपनी, आमची पेटी, मी, कुणालाही काय वाटेल ते बोल. पण त्या दिवशी किती वाजता काय झालं, पेटी केव्हा बंद पडली, हे स्टेजवर काढू नकोस. का ते विचारू नकोस. माझ्यासाठी एवढं कर.

येताना जाड कोट आण, हॉलमध्ये फार गार असतं.

राग धरलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी,
खारू

२९ नोव्हेंबर

चि. खारूस आशीर्वाद.

कार्यक्रम संपल्यावर तू चहालाही थांबली नाहीस. मी त्या गालिच्यावर गळ्यात पाटी अडकवून उभी होते, आणि अनोळखी लोक माझा हात हातात घेऊन सांगत होते की त्यांच्याही आया एकट्या असतात.

तू वेळा काढू नकोस म्हणालीस, म्हणूनच मी त्या काढल्या. लपवायला सांगितलेली गोष्ट लपवण्याइतकी मी म्हातारी झालेले नाही. खुर्च्या उंच होत्या, माझे पाय लोंबकळत होते, समोर लाल आकड्यांचं घड्याळ उलटं पळत होतं. तरी मी सगळं नीट मांडलं. पडली बाराला, सापडली सहाला, तीही खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला. शेवटी त्या सूत्रधार मुलाने प्रत्येकाला भविष्याबद्दल एकेक शब्द सांगायला लावलं. एकाने विश्वास म्हटलं, दुसऱ्याने जोडणी. मी म्हटलं, उचला. हॉल उठून उभा राहिला.

तू मात्र माझ्या मनातून उतरली नाहीस, हे लिहायला हवं. त्या मुलाने तुला विचारलं तेव्हा तू सरळ म्हणालीस की चूक आमची आहे आणि त्यापुढे ‘पण’ नाही. असं हल्ली कोण म्हणतं? पण म्हणताना तू माझ्याकडे बघत का नव्हतीस?

जानेवारीत याहून मोठं प्रदर्शन आहे. तिथेही मला बोलावलंय.

ताईला माझा नमस्कार. तिने पत्राला उत्तर लिहावं, आळस करू नये.

लोभ असावा.

मावशी

८ डिसेंबर

ती. मावशीस सा. न.

मला वाटलं होतं हे लिहावं लागणार नाही.

पेटीवाल्याला कामावरून काढलं. तुझं बोलणं कुणीतरी मोबाईलवर घेतलं आणि ते सगळीकडे फिरलं. मग मालकांनी विचारलं, वीज गेल्यावर पेटी दोन तासांत का मेली? आतली बॅटरी लहान होती म्हणून. बॅटरी कुणी बसवली? त्याने. मोठी बॅटरी हवी असं त्याने तीनदा लिहून दिलं होतं, हे कुणी विचारलं नाही. परवा त्याने टेबल रिकामं केलं. पेचकस, चष्म्याची डबी आणि कुंडीतलं एक झाड घेऊन गेला. तुझ्याबद्दल एवढंच हसून म्हणाला, बाईंना बूट आवडत नाहीत.

आता माझं ऐक. पेटी बंद पडली की घरच्या माणसाच्या फोनवर सूचना येते. ती माझ्या फोनवर आली, अकरा वाजून पाच मिनिटांनी, आई पडायच्या जवळपास तासभर आधी. तेव्हा मी दुसऱ्या एका प्रदर्शनात अशाच खुर्चीवर बसून, आमच्या पेटीमुळे घर कधीच एकटं पडत नाही, असं सांगत होते. फोन पिशवीत होता, आवाज बंद करून. मग जेवण, मुलाखती, ओळखीपाळखी. फोन पाहिला तेव्हा पाच वाजून गेले होते. आई उचलेना, म्हणून शिंपीणकाकूंना वर पाठवलं. रोज सकाळी आईला वॉकर धरून उभी करताना मला ते अकरा पाच आठवतं.

पेटीवाल्याला परत आणता येईल असं एक वाक्य माझ्याकडे आहे. ते बोलायचं नाही असं घरात ठरलंय. त्यामुळे मी दोन्हीकडून गुन्हेगार आहे.

जानेवारीत जाऊ नकोस.

खारू

१० डिसेंबर

प्रिय धाकटीस,

खारू ऑफिसला गेली आहे म्हणून हात मोकळा आहे. अक्षर वाकडं आलंय, त्यावरून बोलू नकोस.

ते वाक्य मीच तिला बोलू दिलं नाही. पण एका माणसाचं काम गेल्यावर गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून सांगते. पेटी बिघडली नव्हती. ती तू बंद केलीस.

त्या सोमवारी नऊ वाजता तू माझ्याकडून निघालीस. दर सोमवारी निघायचीस तशी, दाराजवळची तिन्ही बटणं खटाखट खाली करून. आपल्या कॉन्व्हेंट शाळेत मदर शेवटी निघणाऱ्या मुलीला वर्गाचे दिवे-पंखे बंद करायला लावायच्या आणि विसरली तर व्हरांड्यात उभं करायच्या. मी रोज उभी राहायचे, तू एकदाही नाही. तिसरं बटण पेटीचं होतं. दोन तास ती बॅटरीवर चालली. मी पडल्यावर तिथून मला टेबल दिसत होतं आणि पेटीचा हिरवा दिवा दिसत नव्हता. तेव्हाच माझ्या लक्षात आलं. पुढे खारूने कंपनीत पेटीची वीज तुटल्याची नोंद पाहिली, तीही नऊ वाजून दहा मिनिटांचीच निघाली.

तुला कळू द्यायचं नाही, हे मी दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या तिच्याकडून कबूल करून घेतलं. तू कोसळशील असं वाटलं. तू स्टेजवर चढशील हे माझ्या डोक्यात नाही आलं.

जेवत जा नीट.
तुझी,
ताई

१९ जानेवारी

चि. खारूस,

महिनाभर मी उत्तर दिलं नाही. पहिले आठ दिवस मला वाटत होतं की ताईचं काहीतरी चुकतंय. मग मला ते आठवलं. बटणं खाली केल्याचं नाही, ते कधीच आठवत नाही. आठवलं ते हे, की जिना उतरताना मी स्वतःवर खूश होते, ताईचं घर किती नीट लावून निघाले म्हणून.

तुझ्या मालकांना मी सहीनिशी लिहून दिलं. मग जानेवारीच्या प्रदर्शनात गेले, कारण जे हॉलभर बोलले ते पत्रातून गुपचूप मागे घेता येत नाही. सूत्रधार बाईने माझी ओळख करून दिली, गप्प न बसणाऱ्या आजी म्हणून. मी सांगितलं की पेटी माझ्या बोटाने बंद झाली, ज्या माणसाने ती बनवली त्याचं काम माझ्या तोंडाने गेलं, आणि मागच्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाई, तुमचं काही चुकत नाही ना. आधी लोक हसले. त्यांना वाटलं गंमत चालली आहे. मग कळलं तेव्हा माझ्या धैर्याला टाळ्या वाजवल्या. मी बस म्हटलं, तरी वाजवतच राहिले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मालकांनी पेटीवाल्याला परत बोलावलं, हे तुला ठाऊक आहे. त्याच्या जागी बसवलेल्या माणसाच्या हाताखाली बोलावलं, हेही. तो गेला नाही. मी त्याच्या घरी पत्र पाठवलं, तर दोन ओळींचं उत्तर आलं. एका बोटाने मुकी होते ती पेटी अजून पुरी झालेली नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती. आता तो रेडिओ, मिक्सर दुरुस्त करतो म्हणे. माझा रेडिओ चांगला चालतोय, तरी न्यावा का असा विचार दोनदा मनात आला आणि मी स्वतःलाच झापलं.

तुझं अकरा पाच तू माझ्या नऊ दहाशेजारी मांडून बसू नकोस. तू फोन पाहिला नाहीस. मी न बघता हात घातला, वर न विचारता तोंड उघडलं, आणि तू तेव्हा शेजारच्या खुर्चीत बसून ते माझ्यासाठी गिळलंस. त्या दिवशी तू माझ्याकडे का बघत नव्हतीस, ते आता मला विचारायचं नाही.

परवा तू नसताना ताईला भेटून गेले, ते तिने सांगितलं असेल. सहा तास तू कसला विचार करत होतीस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, पहिला तासभर तुला मनसोक्त शिव्या दिल्या. मग उन्हाबरोबर खुर्ची थोडी सरकवली आणि मला चहा टाकायला सांगितला.

रविवारी तू घरी असताना यावं म्हणते. नको असेन तर तसं लिही, मी वाईट वाटून घेणार नाही, म्हणजे घेईन, पण ते तुझ्यावर टाकणार नाही. इतकी वर्षं प्रत्येक पत्राखाली लोभ असावा असं लिहीत आले, उत्तराची वाट न पाहता. या वेळी विचारते आहे. आहे का?

तुझी,
मावशी