हात दिसत नाहीत

३ फेब्रुवारी, सोमवार

लॅपटॉप पडला. फुटला नाही, पण पडला. लॉजच्या खोलीत टेबल म्हणून जे काही आहे त्यावर उशी, उशीवर बॅग, बॅगेवर लॅपटॉप — असा मनोरा रचून साडेसहाला अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. दोन मिनिटं बरी गेली. मग त्यांचं सुरू. हात दिसत नाहीत. वर कर. वर केला. अजून वर. बॅगेखाली ब्लँकेट घातलं. तरी दिसत नाहीत. तिसऱ्यांदा उचलायला गेले आणि सगळं घसरून जमिनीवर!

लोक वडिलांशी बोलताना फोन कानाला लावून कपडे वाळत घालतात. मला दोन्ही हात मोकळे लागतात. अप्पा जन्मापासून बहिरे, आमचं सगळं बोलणं खुणांचं. मी तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागले, असं आई सांगायची. त्याची तक्रार नाही. तक्रार या लॅपटॉपच्या उंचीची आहे. खाली ठेवला की अप्पांना माझी हनुवटी आणि छताचा पंखा दिसतो. फोनची त्यांना चीड — "हातात धरला तर बोलू कशाने?" आणि लिहून पाठवलेलं म्हणजे त्यांच्या लेखी सरकारी अर्ज.

दिवसभर मान खाली घालून पुस्तकांची नोंद, संध्याकाळी मान वर करून ही सर्कस. काहीतरी केलं पाहिजे.

४ फेब्रुवारी

मान उजवीकडे वळत नाही. ग्रंथपालांनी चार जाडे शब्दकोश आणून लॅपटॉपखाली ठेवले. म्हणाले, "वीस वर्षांत यांचा एवढा उपयोग कुणी केला नव्हता."

६ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांना फोन केला. घडीचा लॅपटॉप स्टँड हवा म्हटलं. दर पंधरा दिवसांनी नवं गाव, नवं ग्रंथालय, नवं डगमगतं टेबल. कपाटं रिकामी करायची, हजारो पुस्तकं संगणकात चढवायची, लेबलं चिकटवायची, तिथल्या माणसांना शिकवायचं. बॅगेत मावेल असा एक स्टँड. एवढंच.

साहेब हसले. "अहो मॅडम, ग्रंथालयात बसून पुस्तकांना तोटा आहे का? ठेवा चार खाली."

फोन ठेवल्यावर मला उत्तर सुचलं. नेहमीसारखं. त्यांच्या खुर्चीला मागे-पुढे व्हायच्या पाच कळा आहेत. ते सांगायला हवं होतं.

स्वतःच घेते.

८ फेब्रुवारी, शनिवार

घरी आले आणि पिशवी टाकून थेट दुकानात गेले. दुकानदाराने काचेवर एक स्टँड ठेवला — कातरीसारख्या दोन काड्या, मिटला की छत्रीच्या दांडीएवढा. "सगळे प्रवासी हाच नेतात, ताई." वजन काहीच नाही. उंची किती? वीतभरसुद्धा नाही. मी लॅपटॉप ठेवून कॅमेरा चालू केला, मागे सरले आणि खुणा करून पाहिल्या — हात चौकटीत येतात का. अप्पा, जेवलात का. औषध घेतलंत का. दुकानदार मान वाकडी करून बघत राहिला. मग हळूच विचारलं, "कुणाला बोलावताय का?"

तोच घेतला. घाई होती, साडेसहा वाजत आले होते.

तोच चुकला! टाइप केलं की पडदा थरथरतो, जसं काही मी बसमध्ये आहे. आणि अप्पा? हात दिसत नाहीत. माझ्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मला माझे दोन्ही हात स्वच्छ दिसत होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला दिसतात, मला नाही." म्हणजे तिकडचा दोष. दादाने त्यांचा लॅपटॉप बुटक्या टीपॉयवर मांडला असणार. दादाच्या घरात अप्पांची प्रत्येक गोष्ट अशीच कुठेतरी मांडलेली असते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. लिहिल्याशिवाय उतरायची नाही.

वहिनीचा निरोप आला. अप्पांचा अंगठा पटाशीने कापला, तीन टाके पडले. दादाने हत्यारांची पेटी कुलूप लावून माळ्यावर टाकली.

अप्पांची हत्यारं! पन्नास वर्षं सुतारकाम केलेला माणूस. दुसरा कुणी फूटपट्टी शोधेपर्यंत नुसत्या नजरेने फळी किती वाकडी ते सांगणारा. आता मागच्या गच्चीत स्टूल, चौरंग, काहीबाही करत बसतात, तेवढाच त्यांचा दिवस. ते काढून घेतलं.

दादाला फोन केला. म्हणाला, "परवा पाण्याचा जग पाडला. त्याच्या आधी काचेच्या दारावर आपटले. वय झालंय त्यांचं. काही झालं तर दवाखान्यात मी पळणार, तू नाही. सहा तासांवर बसून मला शिकवू नकोस."

मी म्हटलं, "पेटीला कुलूप का घातलंस, हे तरी त्यांना नीट सांगितलंस का?"

"सांगितलं. पाटीवर लिहून."

पाटीवर लिहून! पोटच्या मुलाने! आठवीत मित्र हसले म्हणून याने खुणा सोडल्या त्या सोडल्याच. आता पाणी, जेवण, चल, झोप — चार शब्द उरलेत त्याच्या हातात. एखाद्या पाहुण्यालासुद्धा जास्त येतील. हे सगळं मी त्याला बोलले. त्याने फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी

डोकं दुखतंय. रागाने की मानेने, कळत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काड्यांचा स्टँड परत दिला, दुसरा आणला. एक पातळ पत्रा, एकच बिजागरी. उंची चांगली. बॅगेत वहीसारखा सरकतो. घरी आणून लॅपटॉप ठेवला तर पाच मिनिटांत तो हळूहळू पुढे झुकायला लागला, वर्गात डुलकी लागलेल्या मुलासारखा.

साडेसहाला अप्पांना दाखवला. म्हटलं बघा, तुमच्या मुलीला काय काय विकतात. त्यांनी खूण केली — जवळ आण. कॅमेऱ्यासमोर अगदी जवळ नेला. त्यांनी बिजागरीवर नजर रोखली आणि क्षणात सांगितलं, "डावीकडचा रिव्हेट तिरका बसलाय. भोक मोठं पाडलंय. हा टिकणार नाही." मी भिंग घेऊन पाहिलं. केसभर तिरका होता! व्हिडिओवरून, या वयात, अशी नजर! आणि अशा माणसाची हत्यारं कुलुपात.

मग त्यांनी शिकवणीच घेतली. अंगठ्याला पट्टी, तरी हात थांबेनात. दोन बिजागऱ्या हव्यात, गुडघा आणि घोटा असतो तशा. बूड रुंद हवं. बिजागरी उघडताना कडक लागली पाहिजे. सैल उघडणारी वस्तू सैलच उभी राहते. वरच्या टोकाला एका बोटाने ढकलून बघ, परत जागेवर आली तर घे. वजनाला घाबरू नको, वजन खाली असेल तर ते कामाचं.

खूप दिवसांनी त्यांना इतकं बोलताना पाहिलं. त्या पाऊण तासात हात दिसत नाहीत असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणतील कसे — बोलत तेच होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल मिळाला. ॲल्युमिनियमचा, दोन बिजागऱ्यांचा, रुंद बुडाचा. दुकानदार म्हणाला, "हा जड पडेल ताई, प्रवासात लोक घेत नाहीत." मी वरच्या टोकाला बोटाने ढकललं. जागेवर परत. पुन्हा ढकललं. त्याने विचारलं, "कुणी शिकवलं?" म्हटलं, "सुताराने."

उघडायला दोन्ही हात लागतात आणि पहिल्याच वेळी करंगळी चिमटली. पण मिटला की लेबलांच्या डब्याशेजारी बरोबर बसतो. नवीन गावात आज दिवसभर वापरला. वेगळा कीबोर्ड जोडला, पडदा डोळ्यांसमोर. संध्याकाळी मान चक्क दोन्हीकडे वळली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज मी अप्पांवर ओरडले. हातांनी ओरडता येतं. खुणा मोठ्या होतात, तुटक होतात, हवा कापतात.

सगळं व्यवस्थित मांडलं होतं. स्टँड, उजेड समोरून, मागे साधी भिंत, अंगात गडद कुर्ता म्हणजे हात उठून दिसावेत. कपाळापासून कमरेपर्यंत मी चौकटीत. कॉल लागला आणि पहिलं वाक्य — हात दिसत नाहीत.

मागे सर म्हणाले. सरले. अजून मागे. खुर्ची पलंगाला टेकली. अजून. शेवटी मी पलंगावर चढून भिंतीला पाठ लावून बसले, लॅपटॉपपासून आठ फूट लांब, तेव्हा अप्पा म्हणाले, "आता छान." आता छान! मग मी तीन-तीन स्टँड कशाला धुंडाळले? आठ फुटांवरून तर शब्दकोशांवरचा लॅपटॉपही चालला असता.

मी म्हटलं, "तुम्हाला खोटच काढायची आहे. स्टँड चांगला असला तरी, मी चांगली असले तरी. तुम्हाला माझ्याकडे बघायचंच नाही."

ते एकटक बघत राहिले. मग हात पुढे आला आणि पडदा काळा झाला.

२० फेब्रुवारी

कॉल उचलला नाही.

२१ फेब्रुवारी

उचलला नाही. वहिनीला विचारलं. म्हणाली, "खोलीत बसलेत. जेवले." जेवले! गुराला चारा घातला का असं विचारल्यासारखं उत्तर.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दादाचा निरोप: "तुझ्याशी भांडण झालंय म्हणून माझ्यावर राग. बाजूला जाऊन उभा राहतो तर मान वळवून बघतसुद्धा नाहीत."

वाचून मला बरं वाटलं. लिहून ठेवते, खोटं कशाला लिहू. बघू नयेच त्यांनी तुझ्याकडे.

पण असं रुसून बसणारा माणूस नव्हे तो. तिकडे त्यांचं काय करून ठेवलंय यांनी? मी जाणार. त्यांना इकडे घेऊन येणार. माझ्या दोन खोल्यांत गच्ची नाही, पण कुलूपही नाही. साहेबांकडे तीन दिवसांची रजा मागितली. "ग्रंथालयाचं उद्घाटन आहे, आत्ताच कसं जमेल?" म्हटलं, नाही जमलं तर दुसरी बघा. या वेळी उत्तर वेळेवर सुचलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दादाच्या घरी पोचले तेव्हा अप्पा झोपले होते. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच आमची जुंपली. वहिनी भांडी विसळत होती, तिने नळ बंद केला नाही. मुद्दाम, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

मी म्हटलं, मी त्यांना घेऊन जाते. दादा म्हणाला, "ने. पण आठवड्यातले पाच दिवस तू लॉजवर असतेस. ते कुणाच्या भरवशावर?" मी म्हटलं, तुझ्या पाटीपेक्षा बरं. तो म्हणाला, "मला येत नाहीत त्या खुणा. येत नाहीत, बस? पण रोज रात्री उठून त्यांच्या खोलीतला दिवा मी लावतो. अंधारात कपाटावर आपटतात म्हणून. तुला साडेसहाचे अप्पा माहीत आहेत."

मी म्हटलं, "साडेसहाचे तरी मला माहीत आहेत."

वहिनीने नळ बंद केला. "दमून आलीस, चहा घे," म्हणाली. घेतला नाही. आता हॉलमध्ये गादीवर बसून लिहितेय. टीपॉयवर त्यांचा लॅपटॉप आहे. टीपॉय बुटका नाही. दादाने त्याखाली चार विटा लावून उंच केलाय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अप्पा टेबलाशी बसले होते. मी समोरची खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं — रागावलात? त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, हसले, आणि खूण केली, "हात दिसत नाहीत. मागे सर." आमच्या मधे फक्त टेबल होतं.

दादाने गाडी काढली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. कडेचं सगळं गेलंय, मधे नाण्याएवढं उरलंय. त्यात चेहरा मावतो, हात मावत नाहीत. लांब गेलं की मावतात. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं थेंबांनी धरून ठेवू.

"त्यांना विचारा, कधीपासून?" डॉक्टर म्हणाले. मी हात चेहऱ्याजवळ आणून, लहान करून विचारलं. अप्पा म्हणाले, दोन वर्षं. "मग सांगितलं का नाही?" दादाने विचारलं. तेही मी खुणेने पोचवलं.

अप्पांनी उत्तर दिलं. डॉक्टर आणि दादा माझ्याकडे बघत थांबले. मला ते मोठ्याने सांगावं लागलं —

"सांगितलं असतं, तर रोज साडेसहाला ती नुसती डोळ्यांबद्दलच बोलली असती."