वांग्याचा काटा

मंगळवार, दिवेलागणी

आज वाशीमच्या डॉक्टरनं एक्स-रे दाखवला. आमच्या घरधन्याच्या, यायच्या बोटाचं हाड जंतूनं पोखरलं. धडधाकट माणसाले हा जंतू सहसा धरत नाई म्हणे. वांग्याचा काटा, तेवढासा. किडनी बदलल्यावर मातीत उघडा हात घालू नका, असं बजावलं होतं. पण हातमोज्यानं वांगं कवळं का निबर, ते यायले समजत नाई. काटा रुतला, अन् सवयीनं वर चिमूटभर माती दाबली. आमी सगळेच दाबतो. आमाले काई होत नाई.

डॉक्टर म्हणाले, किडनीच्या गोळ्या कमी केल्या तर अंग जंतूशी लढन, पण किडनीवरही उलटू शकते. हे लगेच म्हणाले, "बोट कापा साहेब. किडनी बायकोची हाय."

येतानी रस्ताभर मी यायले त्या काट्यावरून बोलणार होती. त्याऐवजी यायचा तो हात मांडीवर धरून बसली.