दुसऱ्या कंपनीची गाडी

प्रिय माऊ,

पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच लिहिते, मी ठणठणीत आहे. डावा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण तो माझ्यासारखाच आहे, कुरकुरत का होईना कामावर येतो. फोनवर का नाही सांगितलंस, असं तू म्हणशील. फोनवर तू प्रश्न विचारतेस आणि मी उत्तरं देते. मला जे सांगायचंय ते उत्तरात मावत नाही. शिवाय लिहिताना मध्येच कुणी 'बरं, जेवलीस का' म्हणून विषय बदलत नाही.

कामाचं सांगते. शिवणयंत्रं दुरुस्त करणारी बाई म्हणून आता मला नदीपलीकडेही ओळखायला लागलेत. तिकडे तयार कपड्यांचा नवा कारखाना झालाय. ओळीनं मांडलेली यंत्रं आणि त्यातलं रोज एखादं तरी रुसलेलं. पहिल्यांदा गेले तेव्हा मालक माझ्या खांद्यावरून मागे बघत होता, दुरुस्तीचा माणूस अजून कसा आला नाही म्हणून. मीच तो माणूस, असं म्हटल्यावर बिचारा ओशाळला. आता फोनवर मॅडम म्हणतो. पत्र्याची पेटी तीच, तुझ्या बाबांनी करून दिलेली. वाचनही चालू आहे. वाचनालयातल्या बाई नवं पुस्तक आलं की माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. शाळा सुटली तेव्हा मला धड जोडाक्षरं वाचता येत नव्हती, हे त्यांना पटत नाही. मी त्यांना सांगितलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी वाचलेलं पहिलं पुस्तक म्हणजे मोटरसायकलबरोबर फुकट मिळालेलं माहितीचं पुस्तक. तुझे बाबा कामावर गेले की मी ते काढून बसायची. त्यात ना नायक ना नायिका, पण शेवटी सगळं सुरळीत चालू व्हायचं. मला तेव्हा तेवढं पुष्कळ होतं.

आणि त्या पुस्तकावर कुणाचं नाव होतं हे तुला सांगायला नको. आपल्या घरात कंपनी म्हणजे एकच. बाबांची उभी नोकरी तिच्या सर्व्हिस सेंटरात गेली. चहाचे मग कंपनीचे, भिंतीवरचं घड्याळ कंपनीचं, तुझं पहिलं दप्तरसुद्धा कंपनीचं, आणि ते तू नाव आतल्या बाजूला करून पाठीला लावायचीस. बाकी सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना ते 'शिट्ट्या' म्हणत. समोरून आपल्या कंपनीची गाडी आली की चालवणाऱ्यानं डावा हात उचलायचा, हा त्या लोकांचा रिवाज. एखाद्या शिट्टीवाल्यानं चुकून हात केला तर बाबा सरळ पुढे बघायचे. मी मागे बसून गुपचूप हात करायची. लग्नानंतर तीन गाड्या झाल्या आणि प्रत्येक आधीच्या गाडीपेक्षा जड. शेवटचीचं नाव तूच म्हैस ठेवलंस. तिच्या टाकीवर बसून तू बिस्किटं खायचीस आणि चुरा मी पुसायची.

त्यांच्याकडे कुणीही गाडी शिकायला आलं, तर पहिला धडा क्लचचा नसायचा. आधी ते सांगायचे, 'पडायला लागली की सोडायची. धरायची नाही. लोखंड सरळ करता येतं.' मला तेच सांगितलं, तुलाही तेच.

मागच्या महिन्यात मी कारखान्याच्या आवारात गाडी वळवत होते. उतार होता, खाली खडी, आणि टेकवलेला पाय नेमका खड्ड्यात गेला. म्हैस एका कुशीवर जायला निघाली. मी हँडल सोडलं आणि बाजूला झाले. आवाज मोठा झाला पण मला ओरखडाही आला नाही. इथवर धडा पाठ होता. मग उचलायला गेले. पाठ सीटला लावायची, गुडघ्यांत वाकायचं आणि मागे मागे पावलं टाकत उठायचं, शिकवलं होतं तस्सं केलं. ती हलली नाही. पुन्हा केलं. तरी नाही. पेट्रोलचा वास यायला लागला तेव्हा आतून शिवणाऱ्या बायका बाहेर आल्या. त्यांच्यातली एक ठेंगणी आहे, तिला सगळ्या मुकादम म्हणतात. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'काकू, ही म्हैस पाळलीय की काय?' तिला नाव कुणी सांगितलं होतं, सांग बरं. चौघींनी मिळून उभी केली. एकीनं विचारलं, दूध तरी देते का. सगळ्या हसल्या, मीही हसले. मग आत जाऊन बंद पडलेल्या यंत्राशी बसले तर सुईचं भोक दिसत होतं आणि दोरा जात नव्हता. मनात एकच येत होतं, इथे या होत्या. घरी जाताना पुलाच्या अलीकडे वळणावर कुणी नसतं. कोणतं वळण म्हणतेय ते तुला कळलं असेल.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. मी दुसरी गाडी बघून आले. जुनी, हलकी आणि दुसऱ्या कंपनीची. म्हणजे शिट्टी.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं चारचाकी घेतली, त्यामुळे पाव पोचवायची त्याची मोटरसायकल विकायची आहे. माणूस धिप्पाड आहे, त्या गाडीवर तो म्हणजे पाटावर बसलेला हत्तीच. मी सकाळी मुद्दाम न कळवता गेले आणि आधी इंजिनाला हात लावला. गार होतं. आधीपासून तापवून ठेवलेलं इंजिन पहिल्या किकला लागतं आणि खोड लपवतं, हे तुझ्या बाबांचंच शिक्षण. चेन ओढून बघितली, टायरच्या कडा बघितल्या, खाली वाकून सायलेन्सर ठोकला. बेकरीवाला म्हणाला, 'काकू, विकत घ्यायचीय की पोस्टमॉर्टेम करायचंय?' पण खोडी त्यानंच सांगितल्या. चेन जुनी आहे, हॉर्न मनात आलं तर वाजतो, आणि सीटच्या शिवणीत शिरलेलं पीठ काही केल्या निघत नाही. मागे पावाच्या क्रेटसाठी लोखंडी कॅरिअर आहे, त्यावर माझी पेटी मापानं केल्यासारखी बसली.

मग मी तिच्यावर बसले आणि दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. माऊ, इतकी वर्षं मी प्रत्येक सिग्नलला चवड्यांवर उभी होते, हे मला तेव्हा कळलं. सवयीनं वाटायचं, गाडी म्हणजे अशीच असते, उभं राहणं म्हणजे असंच असतं. बाजाराला वळसा घालून तलावापर्यंत गेले. कुठलाही आवेश नसलेली गाडी आहे. सांगितलं तिकडे वळते. परत येताना समोरून वेल्डरकाका आले, अर्थात आपल्या कंपनीच्या गाडीवर. मी हात उचलला. ते सरळ पुढे बघत निघून गेले.

संध्याकाळी त्यांच्या वर्कशॉपवर गेले आणि ऐकवलं. ते खजील होऊन म्हणाले, 'तुम्ही होता, वहिनी? मला वाटलं पाववाला.' दोघंही हसलो. पण मी खरंच घ्यायचं म्हणतेय हे कळल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. बाबांचा एवढा जुना मित्र, त्यांना जड जाणारच. म्हणाले, आपले कंपनीवाले काय म्हणतील ते सोडून द्या, पण तो काय म्हणाला असता? मला उत्तर शोधावं लागलं नाही. म्हटलं, 'ते असते तर मला उचलू लागले असते.' त्यांनी चहा मागवला. निघताना म्हणाले, म्हैस द्यायचीच असेल तर मला द्या, भंगारात जाऊ देऊ नका. मी हो म्हटलं.

तू अजून वाचते आहेस ना? आता जे लिहायचंय त्यासाठी मी दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले.

बाबा गेले तेव्हा तू म्हणालीस, म्हशीनं मारलं त्यांना. डॉक्टर म्हणाले होते, हृदय आधीच थकलेलं होतं, जिना चढतानाही झालं असतं. ते तुला सांगितलं नाही, कारण डॉक्टरांच्या बोलण्यानं कुणाचं दुःख कमी होतं असं मला वाटत नाही. पण एक गोष्ट मला त्या दिवशी पुलावर गळ टाकून बसलेल्या माणसानं नंतर घरी येऊन सांगितली. गाडी जोरात नव्हती. वळणावर जवळजवळ थांबली होती, खडीवर झुकली, आणि बाबांनी ती धरली. दोन्ही हातांनी. तो गळ तिथेच सोडून धावत येईपर्यंत ते धरूनच होते, आणि त्यानं हँडलला हात लावल्यावर मगच खाली बसले. गाडीला ओरखडा नव्हता. म्हणूनच तुला ती बघवत नाही, हे मला कळतं. ज्यांनी सगळ्या गावाला पडती गाडी सोडायला शिकवलं, त्यांना स्वतःला ते जमलं नाही. मला त्यांचा राग यायचा. अजून येतो, कधी कप विसळताना, कधी दिवा मालवताना. मग तो जातो आणि ते राहतात.

मी म्हैस चालवत राहिले ते तुला निर्दयपणाचं वाटलं असणार. तिच्या सीटवर त्यांच्या बसण्यानं एक खोलगा पडलाय. कामाला जाताना मी त्यात बसायची, बस्स, एवढंच होतं. घरात बाकी कुठे त्यांच्या मापाची जागा उरली नव्हती. कपडे दिले, चपला दिल्या. तू म्हणालीस, ती दारात उभी आहे तोवर मी उंबरा चढणार नाही. तू शब्दाची पक्की आहेस, बापावर गेलीस. तेव्हापासून आपण त्या बसस्थानकासमोरच्या हॉटेलात भेटतो. वेटर आपल्याला ओळखायला लागलाय, न विचारता कोपऱ्यातलं टेबल देतो. चहा चांगला असतो, पण आईनं लेकीला भेटून परत निघताना बिल मागवावं, हे काही बरं नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. शुक्रवारी वेल्डरकाका म्हैस घेऊन जातील. हे मी फोनवर सांगितलं असतं तर तू 'गेली?' एवढंच विचारलं असतंस, मी 'गेली' म्हटलं असतं, आणि तू पहिल्या गाडीनं निघाली असतीस. मग दारात येऊन बघितलं असतंस, तर त्याच जागी दुसरी मोटरसायकल उभी. तुला अर्धं सांगून बोलावणं म्हणजे फसवणं झालं असतं. म्हणून पूर्ण सांगते. बेकरीवाल्याची गाडी शनिवारी येते. तिथेच उभी राहील, कारण दुसरी जागा नाही. मी ती चालवणार, कामासाठी, आणि खरं सांगायचं तर मला आवडतं म्हणूनही. म्हैस मी तू यावंस म्हणून देत नाहीये, ती मला उचलत नाही म्हणून देतेय. आणि तू यावंस म्हणून मोटरसायकल सोडणारही नाही. हे सगळं धरून तुला येता येत असेल तर ये, माऊ. जमणार नसेल तर तसं कळव, मी रागावणार नाही, मीच येईन. बसनं नाही. पण गाडी तुझ्या खिडकीखाली नाही आणणार. गल्लीच्या तोंडाशी लावीन आणि तिथून तुझ्या दारापर्यंत चालत येईन.

तुझीच,
न ऐकणारी आई