बिनहवेची काडतुसं

३ तारीख, सोमवार
ठमी रांगायला लागली! आणि निघाली कुठे — तर थेट कपाटाकडे. ह्यांची बंदूक तिथेच. नोकरी बँकेच्या दारावर पहाऱ्याची, पण बंदूक स्वतःची, म्हणून रोज घरी येते. वरचा कप्पा कुलपात. हे म्हणतात, "काडतुसं वेगळी ठेवलीत की. उगाच बाऊ करू नकोस." वेगळी म्हणजे खालच्या खणात!

५ तारीख
कारखान्यात बदामाची पाकिटं बंद करताना सुचलं. आमचं मशीन पाकिटातली हवा ओढून घेतं, पाकीट दगडासारखं घट्ट. घरी येऊन पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला. विझली! ठमीने टाळ्या पिटल्या. हवा नाही तर आग नाही. मग काडतूस तरी कसं पेटणार?

६ तारीख
केलं! जेवणाच्या सुट्टीत काडतुसं पाकिटात घालून हवा काढली. हे हसले — "आता बरणीत घाल, मुरू दे!" हसा. पाकीट परत खालच्या खणात. आज डोळ्याला डोळा लागेल.

९ तारीख, रविवार
नणंद आली. शाळेत विज्ञान शिकवते. मी फुशारकीने सांगितलं, तर कपाळाला हात! "अगं वहिनी, बिनहवेच्या चंद्रावरही बंदूक झाडता येईल. हवा लागते मेणबत्तीला. बंदुकीची दारू आपली शिदोरी बांधूनच येते, जळायला लागतं ते सगळं तिच्यातच कालवलेलं."
"आणि आवाज?"
"हवाच नाही तर कानापर्यंत आणणार कोण?"
"मग गोळी?"
"अंतराळात अधांतरी असलीस तर ती जातच राहील. अडवायला कोण आहे? आणि तू उलटी, मागे मागे."
काय अजब! गोळी एकीकडे, मी एकीकडे, आणि सगळं मुकं. मी आणखी विचारणार होते — मग एकदम आठवलं. खण!

उघडाच होता. पाकीट जमिनीवर, सैल पडलेलं. कोपरा ओला. त्यावर इवल्या दातांच्या खुणा. काडतुसं मोजली — सगळी आहेत. ठमी शेजारी बसून हसत होती.

ह्यांच्या हातात पाकीट दिलं. हसले नाहीत. त्या खुणांवरून बोट फिरवत बसले.

१० तारीख
हे कामावरून आले. खांद्यावर बंदूक नाही. हातात काठी.