पंच म्हणून केलेली सही

अण्णा, त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर पडलाच नव्हता. मी आठवीत, तुमच्यासमोरच जेवत होते. हवालदार दारात आला. तुमच्या कारखान्यातली तांब्याची तार मोरिवलीच्या एका फिटरच्या पेटीत सापडली म्हणाला, पंच म्हणून सही हवी. तुम्ही सुकटीचा हात धुतलात, लुंगीला पुसलात आणि ओट्यावरच सही केलीत. पेटी कधी बघितली, असं मी विचारलं तर केवढे खेकसलात! "लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस. दहा चांगले फेकले तरी चालतील, एक खराब सुटता कामा नये." कारखान्यात तुम्ही मालाचे चेकर. मापाच्या गेजमध्ये न बसलेला तुकडा लाल डब्यात टाकला की तुमचा विषय संपायचा.

तार तुमच्यासमोर निघाली, असं तुम्ही कोर्टात शपथेवर सांगितलंत. फिटर दोन वर्षं आत गेला. सुटून आल्यावर बाजारात भेटला तेव्हा त्यानेच तुम्हाला आधी जय भीम केला. आता तोही नाही. मी कोर्टात टायपिस्ट आहे. गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या चोराचा जबाब टाइप करतेय, आणि तो सहज बोलून जातो, "कारखान्यातली तांब्याची तार पण मीच चोरली होती, साहेब. तो मोरिवलीचा फिटर बिचारा फुकट गेला." मी टाइप करायची थांबले, अण्णा. साहेब म्हणाले, बाई, पुढे घ्या. अजून खरं वाटत नाही. देवमाणूस म्हणायचे हो तुम्हाला सगळे.

पंधरा दिवसांनी हेंद्रेपाड्यात माझ्याच दारात हवालदार. एकाच्या खिशातून सोनसाखळी निघाली, ताई, पंच म्हणून सही करा. मी काही बघितलं नव्हतं, साफ नाही म्हटलं. आमचे वकील तुमच्या बरोबर उलटं सांगतात, शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील, एक निरपराध अडकता कामा नये. मला तर त्या दिवशी तुमचं पाप फेडल्यासारखंच वाटलं. दुसरं कोणी पंच व्हायला तयार होईना, त्याला सोडून दिलं. आठ दिवसांत त्यानेच समोरच्या काकूंची साखळी ओढली. काकू जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. या वेळी चारचौघांनी जागेवरच धरला त्याला.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते, पण आई रोज फोटो पुसते. राहू दे माझ्याच कपाटात. काल काकूंची मुलगी विचारत होती, तेव्हा सही करायला नाही कोण म्हणालं. मी भाजी निवडत होते. म्हटलं, मला काय माहीत.