हार घातलेले फोटो

सोमवार, दिवेलागणीची वेळ. उंद्री.

‘घरातला फोटो आणा, आमच्या टीव्हीवर तो हसताना पाहा.’ ही जाहिरात माझ्याच डोक्यातली. आमच्या टीव्ही कंपनीत टाळ्या पडल्या होत्या. मी याच गावचा, तरी कसं सुचलं नाही? आपल्याकडे भिंतीवर फोटो चढतो तो गेलेल्या माणसाचाच. आज बाजारात टीव्ही लावलेल्या आमच्या जाहिरातीच्या गाडीपुढे रांग लागली, आणि जो तो चंदनाचा हार घातलेला फोटो घेऊन उभा.

शेजारची शांताकाकू काकांचा फोटो घेऊन आली. हार काढून तिनं मुठीत धरला. मी फोटो टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे धरून बटन दाबलं. काका पडद्यावर दात दाखवून हसले आणि खाली सवलतीची पट्टी सरकली.

"असे हासतच नव्हते रे ते. तोंड मिटून हासत. आता डोये मिटले का मले हेच दिसन. पुसता येते काय हे?"

मी म्हणालो, "टीव्हीवरून पुसतो, काकू."

"माह्या डोक्यातून रे."

घरी आलो. समोर बाबांचा फोटो, तसाच चंदनाचा हार. ही करामत मी सगळ्यात आधी त्यांच्यावरच करून पाहिली होती. बाबा खरे कसे हसायचे, ते मघापासून आठवून पाहतोय.